पेताह टिकवा वाळवंटात नव्हतं, दलदलीत होतं

दिवाळी उलटली की आमच्या मोसंबीवाल्यांच्या गटात एक मजकूर हमखास फिरायला लागतो. यंदा तो एकाच दिवशी चौघांकडून आला. वर हिरव्यागार बागेचा फोटो, खाली निळा-पांढरा झेंडा आणि मधे इस्रायलमधल्या पेताह टिकवा या गावाच्या स्थापनेचं स्मरण. मजकुराचा गाभा असा: १८७८ साली मूठभर ज्यू तरुण निर्जन वाळवंटात उतरले. ब्रिटिशांनी दिलेल्या ओसाड जमिनीवर त्यांनी जगातलं पहिलं ज्यू शेतीगाव वसवलं. दोन हजार वर्षं ज्यांनी नांगराला हात लावला नव्हता, त्यांनी ठिबकच्या जोरावर तिथं नंदनवन फुलवलं. ना सरकारची मदत, ना कुणाचं अनुदान. संकटात बाकीचे पळाले पण एक वीर एकटा थांबला आणि गावाने एक दिवसही माघार घेतली नाही. शेवटी ठरलेली ओळ: ‘आणि आपला शेतकरी? कर्जमाफीची वाट बघत बसलाय.’

मला राग या शेवटच्या ओळीचा येतो. जालना जिल्ह्यात आमची साडेतीन एकर मोसंबी होती. २०१२-१३ च्या दुष्काळात विहीर आटली, बोअरला धूळ लागली. टँकरचं पाणी आणून झाडाला दोन-दोन बादल्या घातल्या. मार्चपर्यंत पानं सुकून चुरचुरायला लागली आणि मे महिन्यात चौदा वर्षांची झाडं करवतीने कापून सरपणाच्या भावात दिली. ठिबकच्या नळ्या गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर टाकल्या. त्या दिवसांत ‘इस्रायलने बघा कसं करून दाखवलं’ असं ऐकवणारे खूप भेटले. म्हणून त्यांनी नेमकं कसं केलं हे मी शोधायला लागलो. वाचत गेलो तसं लक्षात आलं की पेताह टिकवाची स्थापना खरोखरच आठवावी अशी आहे, फक्त या मजकुरात ती सापडत नाही. एकेक दावा घेतो.

‘निर्जन वाळवंटात उतरले.’

पेताह टिकवा आजच्या तेल अवीवच्या पूर्वेला, किनारपट्टीच्या सपाट मैदानात आहे. शेजारून यार्कोन नदी वाहते आणि तिचे झरे गावापासून फार लांब नाहीत. तिथं वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या जालन्याच्या सरासरीहून हा आकडा थोडाच कमी आहे. शिवाय तो पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाने उडून जात नाही. वाळवंट म्हणजे दक्षिणेचा नेगेव, आणि तो तिथून बराच लांब.

या लोकांची अडचण पाणी नसण्याची नव्हतीच, पाणी फार असण्याची होती. नदी पसरून राहायची, निचरा व्हायचा नाही, जागोजाग दलदल. आपण ज्याला चिबड जमीन म्हणतो तशी, पण मैलोन्‌मैल. मोसंबीवाल्याला हे वेगळं सांगायला नको. मुळाशी पाणी साठलं की बुंध्याला डिंक्या लागतो, साल फुटून डिंक ओघळतो आणि दोन वर्षांत उभं झाड वाळतं. तहानेने मरणारं झाड आणि बुडून मरणारं झाड यांचे उपाय एकमेकांच्या उलट असतात. एकाला पाणी द्यायचं, दुसऱ्याला चर काढून ते पळवायचं. या गावाला चर काढायचे होते.

त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. हे संस्थापक मुळात खरोखर कोरड्या मुलखातच निघाले होते. त्यांनी आधी पाहिलेली जमीन यरीहोजवळ, मृत समुद्राच्या बाजूच्या तापलेल्या खोऱ्यात होती. बायबलमध्ये होशेयच्या पुस्तकात अखोरचं खोरं आशेचं दार होईल असं वचन आहे. ‘पेताह टिकवा’ म्हणजे आशेचं दार. नाव त्या खोऱ्यासाठी ठरलं होतं. पण तेव्हाच्या उस्मानी, म्हणजे तुर्की सरकारने तो व्यवहार होऊ दिला नाही. नाव तेवढं उरलं, आणि ते सोबत घेऊन ही मंडळी यार्कोनकाठच्या दलदलीत आली.

दलदलीबरोबर हिवताप आला. जमीन घेण्याआधी माझराकी नावाच्या ग्रीक डॉक्टरचा सल्ला घेतल्याची हकीकत सांगतात, आणि इथली हवा जीवघेणी आहे असं त्याचं मत पडलं. ‘हवा’ हा शब्द तेव्हाच्या समजुतीला धरूनच आहे. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसला सापडला तो १८९७ साली, तेही आपल्याकडे, सिकंदराबादेत. म्हणजे १८७८ मध्ये या माणसांना आपल्याला नेमकं कोण मारतंय हेसुद्धा ठाऊक नव्हतं. रात्री खिडक्या लावून घ्यायच्या त्या वाईट हवेच्या भीतीने. वाळूशी झुंजल्याची गोष्ट रंगवताना ही खरी भीती मजकुरातून पुसली जाते आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आता ‘निर्जन’. त्या जागी मुलब्बिस नावाचं गाव होतं. १८७० च्या दशकात इंग्रजांनी पॅलेस्टाईनची पाहणी करून नकाशे काढले, त्यात मातीच्या घरांचं, विहीर असलेलं हे खेडं नोंदलेलं आहे. गाव लहान होतं आणि तापाने खंगलेलं होतं, पण होतं. आजूबाजूलाही गावं होती, गुरं चरत होती, पेरण्या होत होत्या.

‘ब्रिटिशांनी दिलेली जमीन.’

१८७८ साली तिथं तुर्कांचं, म्हणजे उस्मानी साम्राज्याचं राज्य होतं. इंग्रज फौजा तिथं पोचल्या पहिल्या महायुद्धात, १९१७ साली. तोवर पेताह टिकवाच्या पहिल्या पिढीला नातवंडं झाली होती.

जमीन कुणी दिली नाही, ती विकत घेतली. जाफा बंदरातले तय्यान आणि कस्सार हे दोन ख्रिस्ती व्यापारी विकणारे. क्षेत्र सुमारे ३,४०० दुनम, आपल्या हिशेबाने साधारण पावणेआठशे एकर. पैसे मोजले, कागद झाला. पण ज्याने महसुली कज्जे पाहिले आहेत त्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप येतो: कागद व्यापाऱ्याच्या नावावर होता, मग कसत कोण होतं? १८५८ च्या उस्मानी जमीन कायद्यानंतर बरीच गावजमीन शहरी व्यापाऱ्यांच्या आणि सावकारांच्या नावावर चढली. कुठे कर्जापायी, कुठे कराच्या आणि फौजेत भरती होण्याच्या धास्तीने. कसणारे तिथेच राहिले, गुरं चारत राहिले, आणि एक दिवस मालक बदलला. कूळ आणि मालक यांच्यात काय घडतं हे महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही.

इथेही ते घडलं. शेजारच्या यहुदिया गावाशी हद्द, चराई आणि कसण्याचा हक्क यांवरून धुसफूस वाढत गेली. मार्च १८८६ मध्ये गावकऱ्यांनी वसाहतीवर चाल केली. मारहाण झाली, जनावरं हाकून नेली आणि त्यात एका ज्यू स्त्रीचा जीव गेला. स्थापनेचं स्मरण करताना तिला आठवावं, आणि ज्यांच्या पायाखालचं रान त्यांना न विचारता विकलं गेलं त्यांनाही आठवावं. ‘निर्जन’ या एका शब्दाने दोघांनाही वगळलं जातं.

‘जगातलं पहिलं ज्यू शेतीगाव.’

इस्रायलमध्ये पेताह टिकवाला वसाहतींची आई म्हणतात आणि तो मान त्याला शोभतो. पण जगातलं पहिलं? रशियाच्या झारने खेरसोन प्रांतात ज्यूंच्या शेतीवसाहती वसवायला सुरुवात केली ती १८०६-०७ च्या सुमारास. पॅलेस्टाईनमध्येच जाफ्याजवळ मिकवे इस्रायल ही शेतीशाळा १८७० साली निघाली, चार्ल्स नेटर यांच्या पुढाकाराने. आणि त्याच १८७८ साली सफेद नावाच्या गावातल्या ज्यूंनी गालीलच्या डोंगरात गेई ओनी नावाची वसाहत सुरू केली. ती दुष्काळाने मोडली आणि १८८२ मध्ये रुमानियाहून आलेल्या लोकांनी रोश पिन्ना या नावाने पुन्हा उभी केली. मजकुरात ‘पहिलं किबुत्झ’ असंही एका जागी घुसडलंय. ते साफ चूक. किबुत्झ म्हणजे सामायिक मालकीचं गाव, आणि त्यातलं पहिलं देगानिया, १९१० चं. पेताह टिकवा हे मोशावा, म्हणजे ज्याची जमीन त्याच्या नावावर, आपल्या गावासारखं.

‘दोन हजार वर्षं नांगराला हात लावला नव्हता.’

खेरसोनचं वर आलंच. १८८९ साली रशियातून निघालेल्या ज्यू कुटुंबांनी अर्जेंटिनात मोइसेस व्हिये हे शेतीगाव वसवलं आणि त्यांची पुढची पिढी तिथल्या गुराख्यांसारखी घोड्यावर मांड टाकून गुरं वळत होती.

पण इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या कोकणात, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात बेने इस्रायल समाज शेकडो वर्षं राहिला. घाण्यावर तेल गाळणं हा त्यांचा मुख्य धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. तेलाच्या जोडीला त्यांची शेती होती, नारळीच्या बागा होत्या. मराठी बोलणारा, भात लावणारा ज्यू शेतकरी आपल्याच राज्यात होऊन गेला. ‘ज्यूंनी कधी शेती केली नाही’ हे वाक्य मराठीत लिहून पुढे पाठवताना निदान एवढं तरी आठवायला हवं होतं.

एवढं खरं की पेताह टिकवाच्या संस्थापकांना स्वतःला शेती येत नव्हती. आणि ते मजकुरातल्यासारखे विज्ञाननिष्ठ आधुनिक तरुणही नव्हते. ते जेरुसलेमचे कडवे धार्मिक गृहस्थ होते. योएल मोशे सालोमन छापखानेवाले. येहोशुआ श्टाम्फर हंगेरीहून पायी चालत जेरुसलेमला आल्याचं सांगतात. डेव्हिड गुटमन, राब पितापुत्र, आणि लंडनमध्ये कातडी-फरचा व्यवसाय केलेले झेराख बार्नेट. त्या काळी जेरुसलेमचे बरेच ज्यू परदेशातून येणाऱ्या दानावर जगत. त्याला ‘हलुक्का’ म्हणत. वाटपाच्या रांगेत उभं राहायचं नाही, आपल्या हाताचं खायचं, आणि जमिनीशी जोडलेली धर्माज्ञा जमीन कसून पाळायची, हा त्यांचा ध्यास. धर्मग्रंथाप्रमाणे दर सातव्या वर्षी रान पडीक ठेवायचं असतं. १८८८-८९ मध्ये ते वर्ष आलं तेव्हा वसाहतींमधून केवढा वाद पेटला! काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, रान नावापुरतं परधर्मीयाला विकून पेरणीची मुभा दिली, जेरुसलेमचे कर्मठ त्याला कडाडून विरोध करत राहिले. पोट भरायचं की आज्ञा पाळायची, हा पेच त्यांच्यापुढे उभा होता.

‘बाकीचे पळाले, एक वीर थांबला, गावाने एक दिवसही माघार घेतली नाही.’

या एका ओळीत दोन खोट्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींच्याही विरोधात जातात.

एकट्या वीराची गोष्ट अशी: डॉक्टर माझराकी छपरावर चढून कान देतो, पक्ष्यांचा आवाज येत नाही, म्हणतो ही जागा मेलेली आहे. सगळे निघतात, सालोमन एकटा टेकडीवर रात्र काढतो, आणि सकाळी पक्षी गायला लागतात. १९७० च्या सुमारास एका हिब्रू गाण्याने ही दंतकथा घरोघरी पोचवली. ऐकायला फार सुंदर. पण स्थापना एकट्याची नव्हती. नांगराचा पहिला तास येहुदा राब यांनी मारला, राखणही त्यांनीच केली. श्टाम्फर आणि गुटमन यांनी आपलं सगळं त्या जमिनीत घातलं. एकाच माणसाचा पुतळा मनात उभा राहिला की बाकीची घरं अंधारात जातात.

आणि माघार? घेतली, पुरती घेतली. पहिली मंडळी चढावर राहिली होती. मागून आलेल्या दुसऱ्या गटाने नदीकाठी घरं बांधली. पाऊस झाला, पूर आला, मातीच्या भिंती ढासळल्या. तापाने घराघरात माणसं अंथरुणाला लागली. १८८१-८२ पर्यंत पेताह टिकवा ओस पडलं होतं. लोक जेरुसलेमला परतले. दाराला कडी घातलेल्या घरांचं ते गाव डोळ्यांपुढे आणून बघा. मी आणू शकतो. २०१३ मध्ये आमच्या वस्तीवर तेच चित्र होतं.

मग १८८३ च्या आसपास ते परत आले. रशियातल्या ज्यूंविरुद्धच्या दंगलींनंतर तिकडून येणारे नवे लोक सोबत होते. ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये वसवण्यासाठी रशियात ‘होव्हेवे झिओन’ ही चळवळ उभी राहत होती, तिचा आधार मिळाला. आणि या वेळी त्यांनी एक शहाणपण केलं. बऱ्याच कुटुंबांनी दलदलीपासून दूर, उंचावर येहुद इथं घरं केली. रात्री तिथं झोपायचं, दिवस उजाडला की शेतावर जायचं. हिवतापाचा डास रात्री चावतो हे ठाऊक नसताना निव्वळ अनुभवावरून त्यांनी बरोबर तोडगा काढला होता. मला या गावाच्या इतिहासात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. ‘माघार घेतली नाही’ म्हणणाऱ्या मजकुरात याला जागाच उरत नाही, कारण गेलेच नाहीत तर परत कुठून येणार?

‘ठिबकच्या जोरावर नंदनवन.’

ठिबकचं श्रेय सिम्खा ब्लास या पाणी-अभियंत्याला जातं. गळक्या तोटीशेजारचं झाड ओळीतल्या बाकीच्या झाडांपेक्षा जोमदार वाढलेलं त्याने १९३० च्या दशकात पाहिलं. पण त्यातून विकाऊ ठिबक तयार व्हायला १९६५ साल उजाडलं, आणि ते नेगेवमधल्या हात्झेरीम किबुत्झमध्ये. पेताह टिकवाच्या स्थापनेनंतर सत्त्याऐंशी वर्षांनी. तोपर्यंत ते गाव शहर होऊनही अठ्ठावीस वर्षं झाली होती, १९३७ मध्येच.

मग गाव तगलं कशावर? चर काढून निचरा केला, पाणी पिणारी निलगिरीची झाडं लावली, आणि पुढे संत्र्यावर आलं. हे संत्रं म्हणजे जाफ्याचं ‘शामूती’. ते आपल्या नागपुरी संत्र्यासारखं सुटसुटीत सालीचं नव्हे. मोसंबीच्या कुळातलं, जाड सालीचं, बोटीच्या प्रवासात टिकणारं. ते वाण जाफ्याच्या अरब बागायतदारांकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पुढे आलं. विहिरीवर रहाट, रहाटाला जनावर, आणि पाटाने आळ्यात पाणी, अशी त्यांची बागायत. १८७० च्या दशकात या बागांमधून वर्षाला कोट्यवधी फळं निघत आणि जाफ्याहून बोटींत चढत. म्हणजे फळ, वाण, बाजार आणि बंदर, सगळं शेजारी तयार होतं. नव्या गावाने ते शिकून घेतलं आणि वाढवलं. शेजाऱ्याचं बघून शिकणं यात कमीपणा काय आहे? आपल्या भागात मोसंबी अशीच पसरली, एकाच्या बांधावरून दुसऱ्याच्या.

पाण्याबद्दल आणखी एक. १९५५ साली यार्कोनच्या झऱ्यांचं पाणी नळाने दक्षिणेला नेगेवकडे न्यायला सुरुवात झाली. वाळवंटाला पाणी ज्या भागातून गेलं, त्या भागालाच आपला मजकूर वाळवंट म्हणतो.

‘ना सरकारची मदत, ना कुणाचं अनुदान.’

सरकारची मदत नव्हती हे बरोबर. उस्मानी सरकारने अडवणूकच जास्त केली. पण अनुदान? त्या काळातल्या वसाहतींवर खर्च झाला तेवढा पैसा दर एकरी आपल्या कुठल्या तालुक्यात कधी झाला असेल असं मला वाटत नाही.

पॅरिसचे बॅरन एडमंड द रॉथ्सचाइल्ड १८८२ पासून या वसाहतींच्या मागे उभे राहिले. रिशोन लेझिओन या शेजारच्या वसाहतीत विहिरीला पाणी लागेना तेव्हा पहिली मदत त्यांची आली. पुढे पाणी लागलं, आणि ‘आम्हाला पाणी सापडलं’ ही ओळ त्या गावाच्या बोधचिन्हावर आजही आहे. पेताह टिकवाच्या पाठीशी ते १८८७-८८ च्या सुमारास आले. तिथली काही जमीन त्यांनी विकत घेतली, निचऱ्याला पैसा दिला. त्यांच्या छत्राखालच्या वसाहतींत कुटुंबागणिक महिन्याची ठरलेली रक्कम मिळे. पीक कुठलं घ्यायचं ते त्यांचे कारभारी ठरवत. द्राक्षं लावायला लावली, वाइनचे मोठे कारखाने स्वतःच्या पैशाने बांधले, आणि द्राक्षं बाजारभावापेक्षा चढ्या दराने घेतली. आपल्या भाषेत हमीभाव, तोही पक्का.

यात सगळं गोड होतं असं नाही. कारभाऱ्यांच्या मनमानीला कंटाळून १८८७ मध्ये रिशोनच्या शेतकऱ्यांनी बंड केलं. स्वतःच्या रानात काय पेरायचं ते पॅरिसहून ठरावं हे स्वाभिमानी माणसाला कसं चालेल? जे हलुक्क्याची रांग सोडून आले होते त्यांच्या शेजारची वसाहत आता महिन्याच्या पाकिटावर आली होती. वाइन खपेना तेव्हा अनेक ठिकाणी वेली उपटून बदाम आणि संत्री लावावी लागली. १९०० साली रॉथ्सचाइल्ड यांनी वसाहतींचा कारभार ज्यू वसाहत संघाकडे सोपवला, तेव्हाही त्यासोबत दीड कोटी फ्रँक दिले. अठरा वर्षं पोसून झाल्यावर वर दीड कोटी.

आणि राबणारे हातही फक्त मालकांचे नव्हते. विसावं शतक उजाडलं तेव्हा पेताह टिकवाच्या संत्राबागांत बहुतेक मजूर अरब खेड्यांतून येत. रशियातून आलेल्या तरुण ज्यू मजुरांना काम द्यावं की नाही यावरून बागमालक आणि ते तरुण यांच्यात कडवट भांडणं झाली. त्या तरुणांत एक होता दाविद बेन गुरियन, पुढे इस्रायलचा पहिला पंतप्रधान. १९०६ च्या सप्टेंबरात तो जाफ्याला उतरला आणि त्याच दिवशी चालत पेताह टिकवाला आला. बागेत खत वाहण्याचं काम मिळालं. लवकरच त्यालाही हिवताप झाला. गाव वसून अठ्ठावीस वर्षं झाली होती, चर निघाले होते, निलगिरी उभी होती, तरी ताप गेला नव्हता. किती चिवट होती ती दलदल, ते यावरून कळावं.

‘आणि आपला शेतकरी?’

आपल्या शेतकऱ्याला कुणी बॅरन भेटला नाही. इतकी वर्षं तोटा सोसायची मुभा भेटली नाही. चढ्या दराने माल उचलणारा कारखाना भेटला नाही. मोसंबी पंधरा रुपयांवर आली की व्यापारी फोन उचलत नाही, हे आमच्या गटातल्या प्रत्येकाने भोगलंय. हा मजकूर पाठवणाऱ्या चौघांनीही. माझी त्यांच्याशी भांडणाची इच्छा नाही, ते माझ्याच बांधावरचे आहेत. पण ज्या गावाचं उदाहरण देऊन ते स्वतःला आणि मला नालायक ठरवतात, ते गाव मदत घेऊनच जगलं, आणि मदत घेतली म्हणून त्याचं मोठेपण तसूभरही कमी झालं नाही. आज ते अडीच लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आहे. येहुदा राब यांची मुलगी एस्तेर याच गावात, १८९४ साली जन्मली आणि हिब्रूतली नावाजलेली कवयित्री झाली. दलदलीच्या काठावर जन्मलेल्या मुलीने त्या मातीवर कविता लिहिल्या. २०२८ मध्ये स्थापनेला दीडशे वर्षं होतील, तेव्हा हेही सांगण्यासारखं आहे.

आमचं सांगायचं तर, झाडं कापल्यावर पाच वर्षं आम्ही त्या रानात सोयाबीन आणि कापूस घेतला. भाऊ दोन वर्षं संभाजीनगरला कंपनीत जाऊन आला. मग फळबाग लागवडीच्या अनुदानातून दीड एकरावर पुन्हा मोसंबी लावली. अनुदान घेतलं, ते उघडपणे सांगतो. खड्डे घेतले, खाली निचऱ्यासाठी मुरूम टाकला, आणि गोठ्याच्या माळ्यावरच्या नळ्या खाली काढल्या. उंदरांनी कुरतडलेल्या तेवढ्या बदलाव्या लागल्या, बाकीच्यांत आम्ल सोडून धुतल्यावर पाणी आलं.